सोमल एक, रूपं अनेक: पाण्यातल्या वनस्पतींना आर्सेनिक नेमकं कसं मारतं?

दिलेल्या शब्दाला कुणी जागलं नाही, की आपण म्हणतो, 'त्यानं आश्वासनाला हरताळ फासला.' हा वाक्प्रचार रोज कानावर पडतो, पण हरताळ म्हणजे काय हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

हरताळ हे पिवळ्याधमक रंगाचं खनिज. जुन्या काळी पोथी लिहिताना चूक झाली, की त्या अक्षरांवर हरताळाचा लेप फासायचे. म्हणजे त्या काळचा व्हाइटनरच. त्याचाच लालसर भाऊ म्हणजे मनशीळ. आणि तिसरा, पांढरा भाऊ म्हणजे सोमल, ज्याच्या नावानंच लोक घाबरतात.

या तिघांच्या पोटात एकच मूलद्रव्य आहे: आर्सेनिक.

हरताळसुद्धा विषारीच, पण तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सोमल मात्र विरघळतो, आणि म्हणून चिमूटभर सोमल माणसाचा जीव घेऊ शकतो. थोडक्यात काय, तर आर्सेनिक किती आहे एवढंच विचारून भागत नाही. ते कोणत्या रूपात आहे, हेही विचारावं लागतं.

हाच प्रश्न जरा पाण्यात उतरवून बघू. पारोळा तालुक्यात तामसवाडीला बोरी नदीवर धरण आहे. पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याला खंदक आहे. खान्देशात गावोगावी पाझर तलाव, शेततळी आणि गोठ्याशेजारी अझोल्याचे खड्डे आहेत. जिथं पाणी, तिथं वनस्पती. या वनस्पतींच्या वाट्याला आर्सेनिक आलं तर काय होतं? आणि त्या वनस्पती खाणाऱ्या जनावरांचं आणि माणसांचं काय?

आधी दिलाशाची गोष्ट

खान्देश बसला आहे दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर. बेसॉल्टमध्ये आर्सेनिकचं प्रमाण मुळात कमी असतं. तापीच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत, पण त्यातला बराचसा गाळही याच काळ्या दगडाची झीज होऊन आलेला आहे. त्यामुळे भूजलात आर्सेनिक म्हटलं, की नाव येतं ते बंगालचं.

तिथं हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाच्या कणांना चिकटून आर्सेनिक आलं. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले डॉ. के. सी. साहा यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रुग्णांच्या त्वचेवरचे डाग आर्सेनिकचे आहेत हे ओळखलं. पुढे बांगलादेशात कळलं, की ज्या हातपंपांनी लोकांना पटकीपासून वाचवलं, त्यांतल्याच अनेकांच्या पाण्यात हे विष आहे.

पण महाराष्ट्राला हा विषय अगदीच परका नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेला लागून छत्तीसगडचा अंबागढ चौकी हा भाग आहे. तिथल्या कौडीकसा आणि आसपासच्या गावांत विहिरींच्या आणि हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं 1999 मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून पुढे आलं. कारण? तिथला खडक वेगळा. जुने ज्वालामुखी खडक आणि ग्रॅनाइट यांचा तो पट्टा आहे. खडक बदलला, की पाणी बदलतं.

शिवाय आर्सेनिक फक्त खडकातून येत नाही. कोळशातही ते अल्प प्रमाणात असतं आणि जाळल्यावर राखेत गोळा होतं. म्हणून औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या तळ्यांतलं पाणी तपासणं ही जगभरची नेहमीची पद्धत आहे. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगरला असं केंद्र आहे. आर्सेनिकची जुनी कीटकनाशकं आणि लाकूड टिकवण्याची रसायनं हाही एक मार्ग. भारतात लेड आर्सेनेट आणि कॅल्शियम आर्सेनेट या कीटकनाशकांना नोंदणीच नाकारलेली आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पाण्यात आलेलं आर्सेनिक प्रामुख्यानं तीन तऱ्हांनी वावरतं: आर्सेनेट, आर्सेनाइट आणि सेंद्रिय आर्सेनिक. तिघांचीही वनस्पतीत शिरण्याची वाट वेगळी आणि नुकसान करण्याची रीतही वेगळी.

आर्सेनेट: फॉस्फेटचा तोतया

डीएपी किंवा सुपर फॉस्फेटचं पोतं न पाहिलेला शेतकरी खान्देशात सापडायचा नाही. त्या पोत्यातून पिकाला मिळतं फॉस्फेट. वनस्पतीला ते इतकं हवं असतं, की पेशीच्या पटलावर ते आत ओढून घेणारी खास दारं असतात.

आर्सेनेट हा या फॉस्फेटचा तोतया आहे. आवर्त सारणीत आर्सेनिक फॉस्फरसच्या अगदी खालच्या घरात बसतं. त्यामुळे आर्सेनेटचा आकार आणि विद्युतभार फॉस्फेटसारखाच असतो. दारावरच्या रखवालदाराला फरक कळत नाही आणि तो दोघांनाही आत सोडतो.

खरी पंचाईत आत गेल्यावर होते. पेशी आपली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत साठवते आणि हा रेणू बनवताना फॉस्फेट जोडावं लागतं. तिथं फॉस्फेटऐवजी आर्सेनेट जोडलं गेलं, तर तयार होणारा रेणू टिकतच नाही. क्षणात तुटतो. कष्ट पूर्ण आणि हाती ऊर्जा शून्य. बाजारात माल विकावा आणि घरी आल्यावर नोटा खोट्या निघाव्यात, तसं हे आहे.

मुंबईत तुर्भे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी हेच हायड्रिला या पाणवनस्पतीत तपासलं. हायड्रिला म्हणजे तळ्यात पाण्याखाली दाट वाढणारी, लोक ज्याला सरसकट शेवाळच म्हणतात ती वनस्पती. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा रोख असा होता: आर्सेनेटच्या पाण्यात हायड्रिला किती त्रास सोसते हे ठरतं ते तिच्या पेशीतला ऊर्जेचा ताळमेळ आणि ऑक्सिडीकरण-क्षपणाचा समतोल किती टिकतो यावर. ताळमेळ सांभाळला गेला तर वनस्पती तग धरते. तो मोडला, की नुकसान वाढत जातं.

तोतयाच्या या गोष्टीतून एक उपयोगी निष्कर्ष निघतो. दारावर खऱ्या फॉस्फेटची गर्दी असेल, तर आर्सेनेटला आत शिरायला कमी संधी मिळते. जपानच्या कानाझावा विद्यापीठातल्या संशोधकांनी डकवीडवर प्रयोग करून हे दाखवलं. डकवीड म्हणजे साचलेल्या पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी पानं, कपाळावरच्या टिकलीएवढी. पाण्यात फॉस्फेट वाढलं तसं डकवीडनं घेतलेलं आर्सेनेट घटलं.

मग शेतातलं खत वाहून तळ्यात आलं तर चांगलंच की? नाही. तळ्याच्या गाळात लोहाच्या कणांना आर्सेनेट चिकटलेलं असतं. फॉस्फेट तिथंही त्याच्याशी जागेवरून भांडतं, पण त्या भांडणात आर्सेनेट सुटून पाण्यात येतं. एका दारावर फॉस्फेट विषाला अडवतं आणि दुसरीकडे त्याला मोकळं करतं. त्यामुळे 'खत टाकलं की आर्सेनिकचा धोका कमी' असं सोपं समीकरण मांडता येत नाही.

आर्सेनाइट: बिनओळखीचा पाहुणा

आर्सेनाइटची तऱ्हा निराळी. नेहमीच्या तळ्याच्या पाण्यात त्याच्या रेणूवर विद्युतभारच नसतो. फॉस्फेटच्या दाराशी त्याचं काही काम नाही. ते शिरतं पाणी आणि तत्सम बिनभाराचे छोटे रेणू ज्या नळ्यांतून आत जातात, त्या नळ्यांतून.

भाताच्या बाबतीत तर हे अगदी स्पष्ट झालं आहे. भात सिलिकॉन भरपूर शोषतो आणि त्यासाठी त्याच्या मुळांत खास नळ्या असतात. जपानमधले संशोधक जिआन फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवलं, की आर्सेनाइट याच सिलिकॉनच्या वाटेनं भातात शिरतं. भाताच्या खाचरात पाणी साचलेलं असतं, चिखलात ऑक्सिजन नसतो आणि अशा ठिकाणी आर्सेनाइटचंच राज्य असतं. गहू किंवा ज्वारीपेक्षा भातात आर्सेनिक जास्त का येतं, याचं मोठं कारण हेच.

आत शिरल्यावर आर्सेनाइट काय करतं? प्रथिनांमध्ये गंधक असलेली टोकं असतात. त्या टोकांवर प्रथिनांचा आकार आणि काम अवलंबून असतं. आर्सेनाइटला गंधकाची भारी ओढ. ते या टोकांना घट्ट चिकटतं आणि प्रथिन कामातून जातं. हरताळ आणि मनशीळ हीसुद्धा आर्सेनिक आणि गंधकाचीच संयुगं आहेत. म्हणजे ही जोडी खडकात जशी जमते तशीच पेशीतही जमते.

लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी 2007 मध्ये हायड्रिलावर दोन्ही रूपांची तुलना प्रसिद्ध केली. एकाच तीव्रतेच्या पाण्यात ठेवल्यावर आर्सेनाइटच्या पाण्यातल्या हायड्रिलात आर्सेनेटच्या पाण्यातल्यापेक्षा जास्त आर्सेनिक साठलं. आणि दोन्ही रूपांना वनस्पतीनं दिलेला बचावाचा प्रतिसादही वेगवेगळा होता.

आर्सेनाइट पाणवनस्पतींना मारतं हे माणसाला फार आधी कळलं होतं, आणि त्यानं ते वापरलंही. अमेरिकेत लुइझियानाच्या जलमार्गांत जलपर्णीनं बोटींची वाट अडवली, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिच्यावर सोडियम आर्सेनाइट फवारलं गेलं. फवारलेली जलपर्णी खाऊन गुरं मेली, फवारणाऱ्या माणसांनाही धोका होता आणि शेवटी ते थांबवावं लागलं. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात तलावांतलं तण मारायला हेच रसायन पुढे अनेक वर्षं ओतलं जात होतं. तण मेलं, पण आर्सेनिक तळाच्या गाळात जाऊन बसलं. मूलद्रव्य आहे ते, कुजून नाहीसं होत नाही.

सेंद्रिय आर्सेनिक: 'सेंद्रिय' म्हणजे निर्धोक नव्हे

'सेंद्रिय' म्हटलं की हल्ली सगळ्यांना बरं वाटतं. इथं मात्र त्याचा अर्थ एवढाच, की आर्सेनिकला कार्बनचे गट जोडले गेले आहेत. हे काम पाण्यातले आणि चिखलातले सूक्ष्मजीव आणि शेवाळ करतात. त्यातून तयार होतात मिथाइल गट असलेली संयुगं. त्यांतलं दोन मिथाइल गटांचं संयुग डीएमए या नावानं ओळखलं जातं.

मुळं डीएमए कमी प्रमाणात घेतात. डकवीडच्या त्याच जपानी प्रयोगात दिसलं, की फॉस्फेट वाढवून डीएमएच्या शोषणावर काही परिणाम होत नाही. म्हणजे त्याचं दार वेगळं. पण एकदा आत गेलं, की डीएमए मुळात अडकून पडत नाही, सहज वर चढतं आणि पानाकडे, दाण्याकडे पोहोचतं.

याचं कापूस पिकवणाऱ्या खान्देशाला समजेल असं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथं कपाशीच्या शेतात तण मारायला एमएसएमए नावाचं सेंद्रिय आर्सेनिक वर्षानुवर्षं वापरलं गेलं. पुढे त्याच शेतांत काहींनी भात लावला. लोंबी आली, पण दाणे भरले नाहीत. भरलेली लोंबी वजनानं झुकते. ही मात्र ताठ उभी राहिली. तिथल्या शेतकऱ्यांनी रोगाला नावही तसंच दिलं: ताठ डोक्याचा रोग. डीएमएमुळे भाताला हीच लक्षणं येतात, हे प्रयोगांतूनही दिसलं आहे. पीक वरून हिरवंगार असतं, फटका बसतो तो थेट दाण्याला.

सेंद्रिय रूपांतलं एक रूप मात्र खरंच जवळपास निरुपद्रवी आहे. समुद्री मासे आणि कोळंबीत आर्सेनोबीटेन असतं आणि ते शरीरातून जसंच्या तसं बाहेर पडतं. त्यामुळे कोळंबीच्या तपासणीत एकूण आर्सेनिकचा आकडा मोठा दिसला, तरी तेवढ्यावरून घाबरून जायचं कारण नसतं. रूप विचारायचं ते यासाठीच.

वनस्पती गप्प बसत नाही

आता एक चमत्कारिक गोष्ट. आर्सेनेट आत आलं, की वनस्पती स्वतःच त्याचं रूपांतर आर्सेनाइटमध्ये करते. म्हणजे जास्त त्रासदायक रूपात!

हा वेडेपणा वाटतो, पण त्यामागे हिशोब आहे. आर्सेनेट फॉस्फेटसारखं असल्यामुळे पेशीला त्याला वेगळं काढणं अवघड जातं. आर्सेनाइट मात्र गंधकाला चिकटतं, आणि याच सवयीचा वनस्पती फायदा घेते. ती फायटोकेलाटिन नावाच्या गंधकयुक्त छोट्या साखळ्या तयार करते. आर्सेनाइट प्रथिनांऐवजी या साखळ्यांना चिकटतं आणि ते गाठोडं पेशीतल्या साठवणीच्या कप्प्यात कोंडून ठेवलं जातं. काही आर्सेनाइट मुळातून परत बाहेर पाण्यातही ढकललं जातं.

यासाठी गंधक लागतं आणि ऊर्जाही. म्हणून कमी तीव्रतेत वनस्पती निभावून नेते आणि एका मर्यादेपलीकडे कोसळते. ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रणेवर आर्सेनेटनं आधीच घाला घातलेला असेल, तर बचावाचा खर्च भागवायचा कशातून?

आणखी एक ढाल मुळांबाहेर असते. भातासारख्या चिखलात उभ्या असणाऱ्या वनस्पती पानांतून मुळांपर्यंत हवा पोहोचवतात. तो ऑक्सिजन मुळाबाहेर झिरपला, की तिथलं लोह गंजतं आणि मुळावर तांबूस थर चढतो. उपटलेल्या भाताची तांबडी मुळं पाहिली असतील, तर हा थर पाहिलाच आहे. तो आर्सेनेटला बाहेरच धरून ठेवतो. आर्सेनाइटवर त्याची पकड तेवढी घट्ट नसते.

हिरवी दिसते म्हणजे ठणठणीत असते का?

नाही. सेरॅटोफायलम नावाची, मुळं नसलेली, पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती आहे. मत्स्यालयातही ती टाकतात. तिच्यावर युरोपातल्या प्रयोगशाळांत झालेल्या कामात दिसलं, की डोळ्यांना ठळक नुकसान दिसण्याआधीच आर्सेनिकमुळे हरितद्रव्य घटू लागतं. तेही आधीचं हरितद्रव्य तुटल्यामुळे नाही, तर नवीन बनवण्याचं काम मंदावल्यामुळे. कारखाना मंद पडला तरी गोदामातला माल काही दिवस पुरतो, तसंच हे आहे.

पुढे लक्षणं दिसू लागतात: पानं पिवळी पडणं, वाढ खुंटणं, मुळं आखूड राहणं, कडा करपणं. पण हीच लक्षणं नत्र कमी पडलं तरी दिसतात आणि पाणी खारट झालं तरी दिसतात. म्हणजे पिवळं पान बघून 'पाण्यात आर्सेनिक आहे' असं म्हणता येत नाही आणि हिरवं पान बघून 'पाणी शुद्ध आहे' असंही नाही.

म्हणून प्रयोगशाळेत डकवीडची मोजून परीक्षा घेतात. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेनं 2006 मध्ये त्यासाठी प्रमाणित पद्धत ठरवून दिली. सात दिवसांत पानं किती वाढली ते मोजायचं, स्वच्छ पाण्यातल्या वाढीशी ताडून बघायचं आणि मग निष्कर्ष काढायचा.

असे प्रयोग वाचताना एक हिशोब लक्षात ठेवावा. शास्त्रीय लेखांत तीव्रता मायक्रोमोलमध्ये देतात. आर्सेनिकचा 1 मायक्रोमोल म्हणजे लिटरला सुमारे 75 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा आहे लिटरला 10 मायक्रोग्रॅम आणि भारतीय मानक संस्थेची स्वीकार्य मर्यादाही तीच. म्हणजे 10 मायक्रोमोलच्या पाण्यात वनस्पती सात दिवस जगली, याचा अर्थ ती पिण्याच्या मर्यादेच्या 75 पट आर्सेनिकमध्ये जगली. वनस्पतीला चाललेलं पाणी माणसाला चालेल, असं समजणं म्हणूनच घातक आहे.

उन्हाळ्यात तळ्याच्या तळाशी काय घडतं?

तळ्याचं वरचं पाणी वाऱ्यानं हलतं, त्यात ऑक्सिजन मिसळतो आणि तिथं आर्सेनिक बहुतेक आर्सेनेटच्या रूपात राहतं. तळाच्या काळ्या, वास मारणाऱ्या चिखलात ऑक्सिजन नसतो. तिथले जिवाणू लोहाचं रूप बदलतात, लोहाचे कण विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक सुटतं, तेही आर्सेनाइट होऊन.

यात जलपर्णीची भर पडते. पाण्यावर तिची चादर पसरली, की हवा आणि ऊन अडतं आणि खालच्या पाण्यातला ऑक्सिजन घटतो. मेलेली पानं तळाशी जाऊन कुजतात, त्यातही ऑक्सिजन खर्च होतो. म्हणजे चादर जितकी दाट, तितकी आर्सेनाइटला सोयीची परिस्थिती. अर्थात गाळात मुळात आर्सेनिक असेल तरच.

खान्देशात एप्रिल-मेमध्ये तळी आटतात. पाणी कमी झालं, की त्यात विरघळलेलं सगळंच तीव्र होतं. तळ उघडा पडून वाळला, की हवा लागून आर्सेनाइट पुन्हा आर्सेनेट होतं आणि लोहाला चिकटतं. पाऊस आला, की चक्र परत सुरू. म्हणून एकाच तळ्याचा ऑगस्टमधला नमुना आणि मेमधला नमुना वेगळं बोलू शकतो.

मग जलपर्णीनं पाणी साफ होतं, हे खरं की खोटं?

'जलपर्णी विष शोषते, तिला राहू द्या' अशा पोस्ट अधूनमधून फिरत असतात. त्यात अर्धं सत्य आहे.

पाणवनस्पती आर्सेनिक शोषतात हे खरं. न्यूझीलंडच्या वायकाटो नदीत भूगर्भातल्या गरम पाण्यासोबत आर्सेनिक येतं. तिथल्या पाणवनस्पतींत ते नदीच्या पाण्याच्या हजारो पटींनी साठलेलं सापडलं आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 मध्ये जलपर्णीच्या वाळलेल्या मुळांची पूड वापरली. लिटरला 200 मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेल्या पाण्यातून या पुडीनं तासाभरात आर्सेनाइट आणि आर्सेनेट, दोन्ही 90 टक्क्यांहून जास्त काढून घेतली.

पण उरलेलं अर्धं सत्य पोस्टमध्ये नसतं. शोषलेलं आर्सेनिक वनस्पतीतच राहतं. वनस्पती पाण्यातच मेली आणि कुजली, की ते परत पाण्यात. म्हणजे जलपर्णी वाढू देऊन पाणी साफ होत नाही. ती वेळेवर काढून, नीट विल्हेवाट लावली तरच काही उपयोग. आणि जिथं आर्सेनिकची शंका आहे तिथली जलपर्णी गुरांना घालणं किंवा तिचं खत करून भाजीपाल्याला देणं म्हणजे तळ्यातलं विष ताटात आणणं. लुइझियानाच्या गुरांची गोष्ट विसरून चालणार नाही. मुळांच्या पुडीचा प्रयोगही घरी करायचा नाही. वापरलेली पूड कुठं टाकायची, हा प्रश्न तिथंही उरतोच.

अझोला, शिंगाडा आणि आपण

दुभत्या जनावरांसाठी अझोला करणारे शेतकरी आता बरेच आहेत. अझोलासुद्धा आर्सेनिक शोषतो, आणि किती शोषतो हे जातीवर अवलंबून असतं. एकाच प्रयोगात वेगवेगळ्या वाणांत कित्येक पटींचा फरक आढळला आहे. अझोल्याच्या खड्ड्यात शेण आणि सुपर फॉस्फेट घालतात, त्यामुळे आर्सेनेटला स्पर्धा होते. पण आर्सेनाइट त्या दारानं येतच नाही, त्यामुळे फॉस्फेटच्या भरवशावर राहता येत नाही. खरा उपाय सोपा आहे: जे पाणी जनावराला पाजायला चालेल, तेच अझोल्याला वापरायचं. कारखान्याचं सांडपाणी, राखेच्या तळ्याचं किंवा गटाराचं पाणी अझोल्याला नको. हाच नियम पाण्यात वाढणाऱ्या शिंगाड्याला, कमळकाकडीला आणि ओढ्याकाठच्या अळूलाही लागू.

शंका आली तर तपासणी हाच मार्ग. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा राज्यभर जिल्ह्याच्या पातळीवर काम करतात. नमुना देताना 'आर्सेनिकसुद्धा तपासा' असं स्पष्ट सांगावं लागतं, कारण नेहमीच्या तपासणीत ते दर वेळी असेलच असं नाही. गावपातळीवरच्या आर्सेनिक किटमध्ये रंग बदलणारी कागदी पट्टी असते. ती आर्सेनेट आणि आर्सेनाइट मिळून अंदाज देते, कोणतं रूप किती हे वेगळं सांगत नाही. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेतली यंत्रं लागतात. नमुना नेण्यातही काळजी हवी. बाटली हवेशीर ठेवून दोन दिवस पडू दिली, तर आर्सेनाइटचं आर्सेनेट होतं आणि अहवाल भलतंच रूप दाखवतो.

घरात एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात ते वाढतं. पाणी गाळून किंवा तुरटी फिरवून निश्चिंत होऊ नये. आरओचं यंत्रही आर्सेनेट चांगलं अडवतं, पण आर्सेनाइट त्यातून बऱ्याच प्रमाणात निसटतं. कारण तेच: त्यावर विद्युतभार नाही. वनस्पतीच्या मुळाला जे अडवता येत नाही, ते यंत्राच्या पडद्यालाही नीट अडवता येत नाही. म्हणून आर्सेनिकच्या पट्ट्यांतल्या शुद्धीकरण केंद्रांत आधी क्लोरीनसारखं काही वापरून आर्सेनाइटचं आर्सेनेट करतात आणि मग ते लोहाच्या मदतीनं काढतात.

पारोळ्याच्या पायाखालचा काळा दगड या बाबतीत उदार आहे, हे खरं. पण दगडाबाहेरूनही आर्सेनिक येऊ शकतं आणि कौडीकसासारखी गावं महाराष्ट्राच्या वेशीवरच आहेत. तेव्हा पुढच्या वेळी पाण्याच्या अहवालात आर्सेनिकचा आकडा दिसला, की दोन प्रश्न विचारायचे. किती? आणि कोणतं?

पहिल्या प्रश्नावरून पाणी प्यायचं की नाही ते ठरतं. दुसऱ्यावरून ते काढायचं कसं, आणि त्या पाण्यात वाढलेलं खायचं की नाही, ते ठरतं.